आरू आमच्याकडे आली होती

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एका घरात इतकी वर्षं काढली, त्यांचं सगळं दुखणंखुपणं मला ठाऊक, माझं त्यांना — आणि हे एवढंच नाही. सांगायचं म्हणून कितीदा तरी त्यांच्यासमोर बसले. मग कुकर लावायला उठले. आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

लताबद्दल तुम्ही ऐकलं असेल. टीव्हीवर काही दिवस तेच चालू होतं — चाकणजवळच्या गावात एका बाईनं नवरा आणि पोटची मुलगी, दोघांना जेवणातून विष घालून मारलं. तीच लता. खालच्या कोर्टानं तिला फाशी सांगितली होती. त्या खटल्यात मी साक्षीदार होते, सरकारच्या बाजूनं. आणि मी खोटं बोलले.

झालं, बोलून टाकलं, असं वाटलं ना? नाही झालं. खोटं बोलले हे म्हणणं सोपं आहे. काय खोटं बोलले, ते सांगायला मला अजून थोडं चालावं लागेल. आधी लता कोण, ते सांगते.

आमचं घर कुरुळीत. शेत होतं, त्यातलं बरंच कंपन्यांसाठी गेलं. राहिलेल्या तुकड्यावर सासऱ्यांनी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली आणि भाड्यानं दिल्या. आमच्या मागच्या दारातून अंगण ओलांडलं की नळ, आणि नळापलीकडे खोल्या. सासरे पुढं वारले, खोल्यांचं सगळं मीच बघायचे. भाडेकरू कंपन्यांतले — मराठवाड्यातले, विदर्भातले, काही पार बिहारमधले. यायचे, जायचे. नावं लक्षात राहायच्या आत खोली बदललेली असायची.

लता परभणीकडची. नवरा दिलीप, आणि मुलगी आरोही, पाच वर्षांची. आरू म्हणायचे तिला. लता वायरिंगच्या कंपनीत लाइनवर होती. बारीक अंगाची, कमी बोलणारी. नळावर भांडी घासताना तिचे हात इतके भराभर चालायचे की बाकीच्या बाया चिडवायच्या, "ही इथं पण टार्गेट पूर्ण करती." ती हसायची. त्या हसण्याखेरीज मी तिला फारसं हसताना पाहिलं नाही.

दिलीप हाडानं वाईट होता का? मला नाही सांगता येणार. नळावर भेटला की "काकू, बरं हाय ना" म्हणायचा. पण बायको कंपनीत जाते, तिथं पुरुष असतात, हे त्याच्या डोक्यात किड्यासारखं शिरलं होतं. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभा राहायचा आणि सगळ्यांसमोर तिला नको ते बोलायचा. याच्यामुळं तिची आधीची दोन ठिकाणची कामं गेली होती. कधी तिचं ओळखपत्र लपवायचा, म्हणजे गेटवरून तिला आत सोडायचे नाहीत. मारायचाही. खोल्यांच्या भिंती कसल्या — सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. आम्हालाही. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आरू मात्र आमच्याच घरात वाढली म्हणा. मला दोन मुलगे, मुलगी नाही. लताची सकाळची शिफ्ट असली की आरू उठून, डोळे चोळत, मागच्या दारानं माझ्याकडे. मला ती मोठ्याई म्हणायची. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी तिच्या वेण्या घालायचे, चहात बिस्कीट बुडवून द्यायचे. तिला माझा लळा होता. मला होता का तिचा? त्या गुरुवारपर्यंत मी बेधडक होय म्हटलं असतं.

आणि तरी एक गोष्ट होती. लताच्या खोलीत भिंतीवर कुणाचा फोटो आहे, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या सासूबाई तिच्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. मी घ्यायचे. स्वतःला मी त्यामुळं फार सुधारलेली समजायचे.

त्या आठवड्यात लता मला नळावर म्हणाली, "वैनी, त्यो आरूला गावाकडं नेऊन ठिवतो म्हणतोय. त्याच्या बहिणीपाशी. माझ्यापाशी ऱ्हायली तर बिघडंल म्हणं."

मी काय म्हणाले? "अगं, पुरुष असंच बोलतात. दोन दिवसांत विसरेल."

तिनं पातेलं पालथं घातलं आणि गेली. मी तिला बस म्हणायला हवं होतं, विचारायला हवं होतं. पण हाही माझा तो अपराध नाही, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. असे छोटे छोटे सगळ्यांच्याच हातून होतात.

आता तो गुरुवार.

आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. पण लताला ओव्हरटाइम होता. आमचे हे ड्युटीवर. आणि घरी गडबड, कारण माझ्या नणंदेला, वैशालीला, बघायला तळेगावहून पाहुणे यायचे होते. आधी दोन स्थळं मोडली होती. सासूबाईंनी पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. मी पुरण शिजवत होते, तेवढ्यात मागच्या दारात लता आली. कामाला जायच्या तयारीत. आरूला न्हाऊ घालून, तेल लावून, फ्रॉक घालून आणलं होतं.

"वैनी, आजच्या दिवस आरूला तुमच्याकडंच जेवू द्या. मी तीनला येते अन् नेते. कायबी झालं तरी खोलीवर धाडू नका."

मी मान वर न करता म्हटलं, "हो गं. ठेव."

"कायबी झालं तरी," ती पुन्हा म्हणाली.

आज वाटतं, मान वर केली असती तर काही दिसलं असतं का? कदाचित नसतंही. ती स्वयंपाक करून, झाकून ठेवून निघाली होती. नवरा झोपला होता. त्या जेवणात तिनं पिकावर फवारायचं औषध कालवलं होतं. हे तिनं केलं. मुद्दाम, ठरवून केलं. तिला मी निर्दोष म्हणत नाही, तिनंही स्वतःला कधी म्हटलं नाही. तिनं तिच्या नवऱ्याला मारलं.

पण फक्त नवऱ्याला. मुलगी तिनं माझ्याकडे ठेवली होती.

पाहुणे दुपारी आले. पुरुष बाहेरच्या खोलीत चुलतसासऱ्यांबरोबर बसले, बायका आत. मुलगा साधा, नाकासमोर चालणारा वाटला, वैशालीचा चेहराही खुलला होता. आता जेवणं झाली की गंगेत घोडं न्हालं, असं सासूबाईंच्या डोळ्यांत दिसत होतं. मी आतल्या खोलीत बायकांची पानं वाढली. आरू इतका वेळ शहाण्यासारखी कोपऱ्यात माझ्या धाकट्याच्या खेळण्यांशी खेळत बसली होती. पानं दिसल्यावर उठली आणि ओळीच्या शेवटी, नवऱ्यामुलाच्या आत्याशेजारी, मांडी घालून बसली.

"मोठ्याई, मला पण पोळी."

आत्याबाई हसल्या. हसत हसतच विचारलं, "कोणाची गं ही?"

त्या 'कोणाची'चा अर्थ मला कळत होता. इथल्या कुठल्याही बाईला कळेल. मी म्हटलं, "भाडेकऱ्यांची आहे." त्या म्हणाल्या, "हो का?" आणि आपलं ताट जरासं, अगदी जरासं, अलीकडे ओढून घेतलं. एवढंच. सासूबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं.

त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवते. त्या आज नाहीत, त्यांच्या माथी मारणं सोपं आहे. जे केलं ते मी केलं. मी आरूच्या दंडाला धरून तिला उठवलं. मागच्या दाराशी नेलं आणि म्हणाले, "घरी जा. पप्पांबरोबर जेव."

लताचं बोलणं मला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. विसरले असते तर आज वेगळं काही तरी लिहिलं असतं. दंड धरला त्याच क्षणी आठवलं — कायबी झालं तरी. आणि मी मनाशी म्हटलं, असेल काही तरी भांडण, एका वेळच्या जेवणानं काय होतंय? पोरगी अंगण ओलांडून नळापर्यंत गेलेली मी पाहिली. मग मी आत वळले. पाहुण्यांना तूप वाढायचं राहिलं होतं.

पाहुणे गेले. आम्ही बायका भांडी आवरत होतो. वैशाली गुणगुणत होती. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं लता आली — तिच्या खोलीकडे नाही, आमच्या मागच्या दारात. गळ्यात ओळखपत्र तसंच.

"आरू?"

मी म्हटलं, "घरी गेली मघाशीच."

तो चेहरा मी कुणालाही दाखवू शकत नाही. कोर्टाला दाखवता आला असता तर माझ्या साक्षीची गरजच पडली नसती. ती ओरडली नाही. वळली आणि धावली. ओरडणं नंतर ऐकू आलं, खोलीतून.

दिलीप गेला होता. आरूत धुगधुगी होती. समोरच्या पोरांनी रिक्षा आणली, लता तिला छातीशी धरून आत बसली. मीही बसले. हो, मीही गेले होते हॉस्पिटलात. दारातच तिनं डॉक्टरांना सांगितलं — कुठलं औषध, कशात घातलं, सगळं. "म्या घातलं. हिच्यासाठी न्हवतं. लेकराला वाचवा." दिलीपनं स्वतःच घेतलं असं ती म्हणू शकली असती. गप्प बसली असती तर कुणास ठाऊक, सुटलीही असती. पण औषध कुठलं ते कळलं तर पोरगी वाचेल, म्हणून तिनं स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतला. आरू दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. पोलिसांनी लताला तिथूनच नेलं.

पोलीस आमच्याकडे आले तेव्हा तळेगावहून निरोप येऊन गेला होता. मुलगी पसंत. साहेब बाहेरच्या खोलीत बसले. सासूबाई आणि वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. साहेबांनी विचारलं, "मुलगी दिवसभर कुठं होती? ती म्हणते, तुमच्याकडे ठेवली होती."

माझ्या डोळ्यांपुढं काय आलं सांगू? आरू नाही. ती आत्या. पाहुण्यांना चौकीत बोलावतील, पोरीला पानावरून का उठवलं ते विचारतील, लग्न मोडेल. आणि त्याच्याही खाली, तळाशी — लोक म्हणतील, हिनं पाठवली. हिनं पाठवली म्हणून मेली.

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे पाहुणे होते. ती आलीच नव्हती."

दारातल्या दोघी काही बोलल्या नाहीत. नंतरही कधी नाही. आमच्या घरात त्या गुरुवारचं नाव कुणी काढलं नाही. वैशालीचं लग्न झालं. तळेगावात ती सुखात आहे. माझ्याशी नीट बोलते, पण एकटी माझ्याजवळ फार वेळ बसत नाही.

कोर्टात उभं राहायला पुढं बराच काळ गेला. तोवर लग्न होऊन वैशालीचा पाळणाही हलला होता. आता कुणाचं काय मोडणार होतं? खरं सांगायला काहीही आड येत नव्हतं. मग का नाही सांगितलं, हे मी स्वतःला अनेक वर्षं विचारलं आहे, आणि दरवेळी उत्तर तेच येतं — एकदा बोलून गेले होते, आणि मला चांगली बाई राहायचं होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. मग लताचा वकील उठला. सरकारनं दिलेला, तरुण, हातातले कागद सारखे खाली पडत होते. "आरोपीचं म्हणणं आहे की मुलीला तिनं सकाळी तुमच्याकडे सोपवलं होतं, आणि खोलीवर पाठवू नका असं दोनदा सांगितलं होतं."

"खोटं आहे ते."

लता पिंजऱ्यात उभी होती. तोपर्यंत खाली बघत होती. तिनं मान वर केली. मला वाटलं ती शिव्या देईल, ओरडेल, आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "वैनी?" विचारल्यासारखं. जणू मला ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा एकदा विचारत होती. न्यायाधीशांनी तिला गप्प राहायला सांगितलं.

नवऱ्याला मारलं एवढ्यावर फाशी झाली नसती, हे मला पुढं कळलं. फाशी झाली ती आरूसाठी. पाच वर्षांच्या पोटच्या मुलीसमोर विषाचं जेवण झाकून ठेवून जी आई शांतपणे कामावर जाते, तिला दया कशी दाखवायची — सरकारी वकील असं म्हणाले. बरोबरच होतं की. माझ्या साक्षीप्रमाणे ते अगदी बरोबर होतं.

निकाल लागला त्या सुमारास गल्लीत एकीच्या घरी हळदीकुंकू होतं. सगळ्या बाया तेच बोलत होत्या. आई आहे का वैरीण, चौकात लटकवायला पाहिजे असल्या बाईला. एकीनं मला विचारलं, "तुमच्याच खोलीत होती ना हो? कशी होती?"

मी म्हणाले, "आम्हाला पण वाटलं नव्हतं." आणि वाण घेतलं.

पुढं हायकोर्टानं फाशी रद्द केली, जन्मठेप दिली. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली. मला वाटलं, सुटले. ती नाही — मी. तिचा जीव वाचला म्हणजे माझ्या खोट्यानं कुणाचा जीव गेला नाही, असा हिशेब मी लावला. पण निकालात आरूचं तसंच राहिलं होतं. स्वतःची लेक मारणारी आई. जेलमध्ये म्हणे अशा बाईजवळ दुसऱ्या बाया झोपतही नाहीत. मी हे ऐकलं आणि चॅनल बदललं.

आता शेवटचं. हे पहिल्यापेक्षा वाईट आहे.

तीन-चार वर्षांमागं एक माणूस दारात आला. लताचा भाऊ, परभणीहून. उन्हानं काळवंडलेला, हातात पिशवी. मी घरात एकटी होते. त्याला बसा म्हटलं, तो बसला नाही. म्हणाला, "ताईला भेटून आलो. तिला लई बरं नसतंय आता. तिनं तुमाला इचारायला सांगितलंय."

मला वाटलं, साक्ष बदला म्हणेल. मी आतून दगड झाले.

"कोर्टाचं काई न्हाई," तो म्हणाला. "ती म्हणती, वैनींवर माझा राग न्हाई. फकस्त येवढं इचार — आरूनं तिकडं काई खाल्लं होतं का. अन् निघताना काई बोलली का."

विचार करा. त्या वेळी कुणीही मला काही करणार नव्हतं. पोलीस नव्हते, वकील नव्हते, वैशालीचं लग्न जुनं झालं होतं. समोर उभा होता फक्त एक दमलेला माणूस. एका आईला तिच्या लेकराचं शेवटचं बोलणं हवं होतं. आणि ते जगात फक्त माझ्यापाशी होतं. दुसऱ्या कुणापाशी नाही.

मी म्हणाले, "ती आमच्याकडे आलीच नव्हती हो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं, मला ठाऊक आहे त्याला कळलं. "बरं," म्हणाला. मी आणलेलं पाणी घेतलं नाही. फाटक हळूच लावून गेला.

लता गेल्या वर्षी जेलच्या दवाखान्यात वारली. जुन्या भाडेकऱ्यांपैकी एकीनं बाजारात सांगितलं, मेथीची जुडी निवडता निवडता. ती गेल्यावर मी हे लिहायला घेतलं आहे. आता लिहून तिचं काही भलं होणार नाही आणि माझं काही बिघडणार नाही, म्हणूनच घेतलं आहे. हेही तुमच्यापासून लपवत नाही.

तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर असं आहे.

लता, तिनं काही खाल्लं नव्हतं. पोळी मी तिच्या पानात वाढलीच नव्हती. तिला भूक लागली होती. ती रडली नाही. चपला घालायला पायरीवर बसली, डावी-उजवी उलटी घातली, मी ती सरळही करून दिली नाही. उठली आणि मला म्हणाली, "मोठ्याई, पाहुणे गेले की मी येऊ?"

मी हो म्हणाले.